पार्थसारथीच्या मूर्तीतील शस्त्रत्याग

भगवान विष्णूंच्या मूर्तीपुढे उभे राहिले असता भाविकाची दृष्टी सहजच शंख आणि चक्र यांचा शोध घेते. चेन्नईतील तिरुवल्लिक्केणी येथील श्रीपार्थसारथी-मंदिरात मात्र गर्भगृहातील श्रीवेंकटकृष्ण द्विभुज असून त्यांच्या हाती केवळ शंख आहे, चक्र नाही. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत गणल्या जाणाऱ्या या पल्लवकालीन क्षेत्री ही उणीव शिल्पकाराच्या प्रमादाने राहिली, असे कोण म्हणेल?

तिचा उलगडा उद्योगपर्वात होतो. दुर्योधनाच्या वाट्यास नारायणी सेना गेली. अर्जुनाने निःशस्त्र, न लढणाऱ्या श्रीकृष्णांना वरिले. पांचजन्याचा घोष गीतेच्या पहिल्याच अध्यायात आहे, म्हणून शंख राहिला. शंख साद घालतो, प्रहार करीत नाही. मूर्तीच्या मिशा सारथ्याच्या वेषास शोभतात, इतके म्हटले की पुरे.

उत्सवमूर्तीचे रूप याहून मर्मभेदी आहे. तिच्या मुखावर व्रणांच्या खुणा आहेत, आणि त्या भीष्मांच्या बाणांच्या होत, अशी परंपरा आहे. सारथी रथाच्या अग्रभागी बसतो. रथीवर सोडलेले बाण प्रथम त्याच्याच अंगावर येतात, आणि दोन्ही हात लगामांत गुंतलेल्यास ढालही धरता येत नाही. कठोपनिषदाने बुद्धीस सारथी म्हटले आहे. ते रूपक यथार्थच. पण त्यात इंद्रियनिग्रह आहे, सारथ्याच्या जखमा नाहीत. येथे त्या आहेत. सुखदुःखे, शीतोष्ण सहन कर, असे दुसऱ्या अध्यायात सांगणारा गुरू सुरक्षित आसनावरून बोलत नव्हता. न मारण्याचे व्रत त्याने घेतले, मार मात्र चुकविला नाही.

यावर कोणी भीष्मपर्वाकडे बोट दाखवील. युद्धाच्या तिसऱ्या दिवशी अर्जुन भीष्मांशी हात राखून लढत आहे हे पाहून भगवंत चक्र घेऊन रथाखाली उतरलेच होते! मग मूर्तीत ते का नसावे? कारण अर्जुनाने धावत जाऊन त्यांचे पाय घट्ट धरले, दहाव्या पावलास त्यांना थांबविले, आणि ते रथावर परतले. मूर्ती या परतलेल्या सारथ्याची आहे. तिचा दुसरा हात चरणांकडे निर्देश करतो. अठराव्या अध्यायातील शरणागतीचा हा संकेत, असे भाविक मानतात. आणि अर्जुनाने त्या दिवशी धरले होते ते हेच चरण.