गटसचिवाच्या हाती काम सोपवताना

संग्रामपूर

चिरंजीव पुतण्यास,

गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांत नवं सॉफ्टवेअर बसवण्याचं काम तुझ्याकडे आलं, म्हणून हे लिहितो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे याच सेवा संस्थांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. तेव्हा ठरलेला खर्च २,५१६ कोटींचा, अंमलबजावणीत नाबार्ड, आणि देशभर एकच प्रणाली. संगणक आणि सॉफ्टवेअर पैशाने येतं. ते चालवण्याची समज माणसाकडून माणसाकडेच जाते. म्हणून तुझ्या कामाचं माप एकच धर: तू गेल्यावर संस्थेचा हिशेब सांभाळणारा गटसचिव तुला फोन न लावता दिवसअखेरचा हिशेब बंद करू शकतो का?

त्यासाठी आधी तुलाच शिकावं लागेल. कोणत्या मयत सभासदाचं कर्ज वारसाच्या नावावर चढायचं राहिलं, एकाच नावाचे दोन खातेदार कोणते, पुनर्गठित बाकीवर व्याज कसं धरलं, हे अर्धं खतावणीत असतं आणि अर्धं सचिवाच्या डोक्यात. त्याला न विचारता जुन्या बाक्या भरल्यास चूक स्वच्छ छपाईत लपते आणि व्याज सवलतीच्या यादीतून एखाद्या शेतकऱ्याचं नाव गळू शकतं. तेव्हा बाक्या त्याच्याजवळ बसून जुळव. मग कर्जवाटप, वसुली, ताळेबंद सगळं त्याच्याच हाताने करून घे. नोंद चुकली तर माऊस आपल्याकडे ओढू नकोस. दुरुस्तीही त्यालाच करू दे, कारण तू नसताना नेमकी तीच अडणार आहे.

तू म्हणशील, उद्दिष्ट संस्थांच्या संख्येत मिळतं, एवढा वेळ कुठून आणू? पण घाईची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये ऐन मागणीच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली. गोदामात माल असूनही दहा कोटी डॉलरहून अधिक मागणी वेळेत पुरवता आली नाही. आपल्याकडे तो तोंडावरचा काळ म्हणजे खरीप कर्जवाटप. तेव्हा बदल टाळ. कोणी सांगेल, सचिव वयस्कर आहेत, त्यांना जमणार नाही. ज्याने वर्षानुवर्षं हाताने तेरीज जुळवली, त्याला हिशेब कळतो. नवा आहे तो पडदा. मदत कक्ष आहेच, असंही म्हणतील. तो कक्ष प्रणालीला जाणतो, गावच्या सभासदांना नाही. यात खरं वजनदार म्हणणं एकच: एका सचिवाकडे अनेक संस्था असतात आणि त्याची बदलीही होते. म्हणून प्रत्येक संस्थेत दुसरा माणूसही तयार कर, दोघांचे पासवर्ड वेगळे ठेव आणि त्यांच्याच भाषेतलं टिपण दप्तरात लावून ये.

काम पूर्ण झाल्याची सही घेण्याआधी एक महिनाअखेर त्या दोघांना तुझ्याशिवाय करू दे. जमली नाही तर वरिष्ठांना तसं स्पष्ट लिही, आणि पुन्हा जा.

तुझा,
काका