बाळाच्या विकासातील धोक्याच्या खुणा

“याचे वडीलही उशिराच बोलले होते. हाही बोलेल!” दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नाही म्हणून आई दवाखान्यात घेऊन येते, तेव्हा सोबतच्या आजी मला हमखास हे सांगतात. आजींचे म्हणणे अगदीच चूक नसते. प्रत्येक मूल थोडे पुढेमागे असतेच. पण किती मागे चालेल, याला मर्यादा आहे.

पुढील गोष्टी त्या त्या वयापर्यंत आल्या नाहीत तर तपासणी करून घ्यावी:

• तीन महिने – आईकडे पाहून हसणे.
• पाच महिने – मान धरणे.
• नऊ महिने – आधाराशिवाय बसणे.
• एक वर्ष – ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढणे, हात हलवून टाटा करणे.
• दीड वर्ष – स्वतः चालणे, अर्थ कळून एखादा शब्द बोलणे.
• दोन वर्षे – ‘पाणी दे’, ‘आई ये’ असे दोन शब्द स्वतःहून जोडणे.

बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करावेत. सहा महिन्यांच्या अशा बाळाकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवावी.

काही खुणा मात्र वाट पाहण्याजोग्या नसतात. वर्षाच्या आतले बाळ खुळखुळा नेहमी एकाच हाताने धरते, त्याचे अंग फार ताठ किंवा फार सैल लागते, हाक मारली तरी ते वळत नाही, किंवा येत असलेली गोष्ट ते करेनासे होते. यांपैकी काहीही दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.

घरी ताट वाजवून ‘ऐकू येते’ असा निष्कर्ष काढू नये. थोडे कमी ऐकू येणारे मूलही मोठ्या आवाजाने दचकते. जन्मतः बहिरे बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरचे फसतात. माझ्याकडे आलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीला घरात सगळे हट्टी म्हणत. तपासणीत दोष कानाचा निघाला. श्रवणयंत्र लागल्यावर तिचा ‘हट्ट’ बराच कमी झाला!

वेळेला इतके महत्त्व का? मेंदूची बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. थायरॉइडची जन्मजात कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून रोज गोळी सुरू केली, तर बुद्धीचे नुकसान बहुतांशी टळते. तीच गोळी वर्षभराने सुरू केल्यास गेलेले पुरते भरून येत नाही. इतर कारणांतही व्यायाम, वाचा-उपचार आणि खेळ जितके लवकर सुरू होतील तितका फायदा अधिक.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते. गरज भासल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तेथील उपचार विनामूल्य असतात.

बाळाच्या विकासात उशीर दिसला म्हणून आईला दोष देऊ नये. बहुधा ही शंका सर्वांत आधी तिलाच येते. घरच्यांनी ती ऐकावी. तपासणीत काही निघाले नाही, तर एक फेरी वाया जाईल. निघाले, तर मुलाचे कित्येक महिने वाचतील.