गाळणारे पटल

प्रास्ताविक
घरातले सांडपाणी गटारातून वाहून गेले, की आपण ते विसरतो. शुद्धीकरण केंद्रात मात्र त्यातून निघालेल्या गाळाचे काय करावे, हा प्रश्न रोज उभा असतो. गाळ घट्ट करण्याची एक पद्धत व तिच्यातील अडचण या पाठात आपण समजून घेऊ.

मूळ पाठ
इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळ पद्धत मांडली. हवा मिळताच सूक्ष्मजीव सांडपाण्यातील घाण खाऊन वाढतात आणि त्यांचाच गाळ बनतो. या गाळात मुख्यतः पाणीच असते. १०० लिटर गाळात १ किलो घन पदार्थ असेल, तर तो ४ टक्क्यांपर्यंत घट्ट केल्यावर सुमारे २५ लिटरच उरतो. साहजिकच साठवणुकीचा व वाहतुकीचा खर्च घटतो.

हे पाणी काढण्यासाठी काही ठिकाणी कृत्रिम पटल वापरतात. त्याची छिद्रे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. पाणी पार जाते, सूक्ष्मजीव मागे राहतात. परंतु सूक्ष्मजीवांचा चिकट स्राव आणि बारीक कण पटलावर साचतात. छिद्रे बुजतात, पंपाला अधिक जोर लावावा लागतो आणि वीज वाया जाते.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. घाईने पिळल्यास दही विणीत रुतते व निथळणे मंदावते. पटलाचेही तसेच आहे. म्हणून केस, चिंध्या आधीच चाळून काढतात. पाणी मंद गतीने ओढतात. मधूनमधून उपसा थांबवतात. खालून हवेचे बुडबुडे सोडून पटलावरचा थर सैल करतात.

तरीही थर बसलाच, तर जैविक थरासाठी सोडियम हायपोक्लोराइट आणि क्षारांसाठी सायट्रिक आम्ल वेगवेगळ्या वेळी वापरतात. ही दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होऊन कामगारांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय वारंवार रसायने वापरल्याने पटलाचे आयुष्य कमी होते. थर धुण्यापेक्षा तो बसू न देणे, हेच सुरक्षित व किफायतशीर ठरते.

शब्दार्थ
पटल – पातळ पडदा
स्राव – पाझरणारा द्रव
किफायतशीर – कमी खर्चाचे

पाठगत प्रश्न
१. गाळ घट्ट का करतात?
२. दह्याच्या उदाहरणातून लेखकाने काय स्पष्ट केले आहे?
३. दोन्ही रसायने एकत्र का वापरू नयेत?