तलावात पाणी आहे, मग मासे का नाहीत?



'पाणथळ जागा' शिकवताना आपण व्याख्या आणि फायदे सांगून मोकळे होतो. त्याऐवजी वरचा प्रश्न फळ्यावर लिहा आणि मुलांना विचार करू द्या.

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने भातशेतीसाठी असे अनेक तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. माजी मालगुजारी म्हणून ते झाले 'मामा तलाव'.

पुढे तलावात पाणी दिसायचं, पण ढिवर मच्छीमारांच्या जाळ्यात स्थानिक मासे कमी येऊ लागले. कारण काय? बाहेरून आलेली बेशरम काठावर माजली आणि तिने देशी पाणवनस्पतींची जागा बळकावली. वनस्पती नाहीत, तर माशांनी अंडी घालायची कुठे? पिल्लांनी लपायचं कुठे? पक्ष्यांनी खायचं काय?

गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी यावर मिळून काम केलं. पद्धत साधी आहे. पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. उघड्या पडलेल्या जमिनीचा तुकडा नांगरायचा. मग तिथे देशी पाणवनस्पती लावायच्या: काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काही तरंगत्या पानांच्या, काही काठावरच्या. कोणती कुठे रुजते, कोणता मासा कशात राहतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. वनस्पती परतल्या तसे मासे वाढले, पक्षी आले आणि घरात चार पैसेही.

इथे एक मुद्दा मुलांना जरूर सांगा. नुसता गाळ उपसला म्हणजे तलाव सुधारला, असं नाही. यंत्राने काठ सरळ खोल कापला, तर उथळ पाणीच उरत नाही. आणि बऱ्याच वनस्पती उगवतात त्या उथळ पाण्यातच.

वर्गात काय करता येईल?

१. गावातल्या तळ्याचा काठ उतरता आहे की कापलेला, ते मोठ्यांसोबत जाऊन पाहा आणि चित्र काढा.

२. मासेमारी करणाऱ्या पालकांना वर्गात बोलवा. पूर्वी मिळणाऱ्या आणि आता न मिळणाऱ्या माशांची यादी करा.

ज्या घरातलं मूल वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतं, कदाचित त्याच्याच आजोबांकडे या धड्याचं उत्तर असेल. त्या दिवशी त्यांनाच शिकवू द्या.