बर्फावरील शर्यती आणि न्यायाचें घड्याळ

शर्यतीचा नियम अगदीं सोपा आहे, असें आपणां सर्वांस वाटतें. जो आधीं पोहोंचला तो पहिला. परंतु एक स्पर्धक दोन्ही पायांवर उभा असून दुसर्‍यास एकच पाय असेल, तर हा सोपा नियम न्याय्य ठरेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं कृतीनें दिलें आहे, त्या अपंगांच्या हिवाळी क्रीडासामन्यांची माहिती आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें करून देत आहों.

ह्या सामन्यांस हिवाळी पॅरालिंपिक म्हणतात. त्यांचें मूळ युद्धांत जखमी झालेल्या सैनिकांपाशीं आहे. इंग्लंडांत डॉ. लुडविग गुटमान यांनीं १९४८ सालीं स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत अशा सैनिकांचे सामने भरविले, आणि त्यांतूनच १९६० सालीं रोम येथें उन्हाळी पॅरालिंपिक सामने सुरू झाले. आपल्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हेही १९६५ च्या युद्धांत जखमी झालेले सैनिक. त्यांनीं १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ह्याच सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें.

यूरोपांतील बर्फाळ प्रदेशांत पायांस लांब, चिंचोळ्या पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाण्याचा खेळ फार आवडता आहे. ह्या पट्ट्यांस स्की म्हणतात. युद्धांत एक पाय गमावलेल्यांनीं उरलेल्या पायास स्की बांधली, कुबड्यांच्या टोकांस आंखूड स्की बसविल्या, आणि पुन्हां डोंगर गांठला. अशा प्रयत्नांचें फळ म्हणून १९७६ सालीं स्वीडनमधील अर्नशोल्ड्सविक येथें पहिलें हिवाळी पॅरालिंपिक भरलें. त्यांत १६ देशांचे स्पर्धक होते. २०२२ सालीं बीजिंग येथें ४६ देशांचे पांचशेंहून अधिक स्पर्धक सहा खेळांत उतरले.

ह्या खेळांतील युक्त्या मोठ्या मनोरंजक आहेत. ज्यांचे पाय चालत नाहींत ते स्कीवर बसविलेल्या आसनावर बसून हातांतील काठ्यांनीं बर्फ रेटतात. नॉर्वेच्या राग्नहिल्ड मिक्लेबुस्ट ह्या बाईंचे पाय पोलिओनें अधू झाले होते. त्यांनीं १९८८ ते २००२ ह्या काळांत २२ सुवर्णपदकें जिंकलीं. अंध स्पर्धकापुढें एक डोळस सोबती जातो व आवाजानें वाट सांगतो. जिंकल्यास पदक दोघांसही मिळतें. अंध स्पर्धक बंदुकीनें नेमही मारतात. त्यांच्या कानांस यंत्र लावलेलें असतें, आणि नेम लक्ष्याच्या मध्याजवळ येतो तसतसा त्यांतील नाद बदलतो. त्यावरून ते घोडा दाबतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. स्कीच्या शर्यतींत बसून जाणारे, उभे राहून जाणारे व दृष्टिहीन असे तीन वर्ग असतात. परंतु एका वर्गांतही सर्वांचें व्यंग सारखें नसतें. म्हणून तज्ज्ञ प्रत्येकाची तपासणी करून एक गुणक ठरवितात, व शर्यतीस लागलेल्या वेळेस त्यानें गुणतात. समजा, एकाचा गुणक शेंकडा १०० व दुसर्‍याचा शेंकडा ९० आहे. पहिल्यास ६०० सेकंद लागले, दुसर्‍यास ६६०. दुसर्‍याचा हिशेबाचा वेळ ५९४ सेकंद होतो, आणि मागून पोहोंचलेला तो शर्यत जिंकतो!

ही मेहेरबानी आहे काय? मुळींच नाहीं. गुणक व्यंगाचा भार तेवढा वजा करतो. कष्ट, धैर्य व कौशल्य हीं ज्याचीं त्यानेंच आणावीं लागतात. गुणक चुकला तर मात्र एखाद्याचा अनेक वर्षांचा सराव व्यर्थ जावयाचा. म्हणूनच ही तपासणी कसोशीनें करावी लागते, व अनुभवानें गुणक सुधारावेही लागतात. न्याय करणें हें असें मेहनतीचें काम आहे.

दया करणें त्याहून पुष्कळ सोपें. क्रीडादिनीं लंगड्या सोबत्यास सावलींत खुर्ची देऊन गुण मांडावयास बसविलें कीं आपलें मन समाधान पावतें. परंतु त्यासही धांवावयाचें आहे काय, हें त्यास कोण विचारतो? आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील सामन्यांपूर्वीं एवढें विचारावें. आणि तो होय म्हणाला तर सर्वांनीं मिळून त्यास शोभेल असा नियम शोधून काढावा. गणिताच्या तासास शिकलेली त्रैराशिकाची रीत त्या कामीं खचित उपयोगी पडेल.