ओव्यांचे गट आणि संगणकाची रीत

ज्ञानेश्वरीची छापील प्रत उघडली की एक श्लोक, त्याखाली काही ओव्या, पुन्हा श्लोक, असा क्रम दिसतो. कोणती ओवी कोणत्या श्लोकावरची, हे वाचकास सांगावे लागत नाही. संगणकास मात्र सांगावे लागते. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

शके १२१२ (इ. स. १२९०) मधील या ग्रंथाचे अठरा अध्याय व सुमारे ९,००० ओव्या 'एक्सएमएल' (१९९८) या पद्धतीने खुणा करून उतरविल्या, असे समजू. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. 'अध्याय' हे शीर्षक, मग 'श्लोक', 'ओवी', 'ओवी', असे सर्व घटक एकाच पातळीवर एकामागून एक येतात. कबनूर-इचलकरंजीच्या मागावर कापड अखंड विणले जाते व तागे मागाहून होतात, तशी ही स्थिती. अध्यायाच्या पोटात श्लोक व श्लोकाबरोबर त्याच्या ओव्या, अशी रचना झाली, तरच एखाद्या श्लोकावरील सर्व भाष्य संगणकाकडून सहज मागता येते.

हे काम 'एक्सएसएलटी' ही रूपांतराची भाषा करते. तिच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत गट पाडण्याची स्वतंत्र आज्ञा नव्हती. प्रत्येक ओवीपासून मागे जाऊन जवळचा श्लोक शोधावा लागे. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'फॉर-ईच-ग्रूप' ही आज्ञा आली. 'ग्रूप-स्टार्टिंग-विथ' म्हणून तिला एखादी खूण सांगितली की ती आढळेल तेथे नवा गट सुरू होतो. प्रथम 'अध्याय' या खुणेवर गट पाडावेत. मग प्रत्येक गटात शीर्षक वगळून 'श्लोक' या खुणेवर.

येथे दोन अडचणी येतात.

(१) पहिल्या अध्यायात पहिल्या श्लोकाआधी मंगलाचरणाच्या ओव्या आहेत. त्यांचा गट श्लोकाविना पडतो. म्हणून गटाचा पहिला घटक तपासावा. तो श्लोक नसल्यास गटास 'प्रस्तावना' म्हणावे.

(२) त्याच अध्यायात पांडवसेनेतील वीरांची नावे येतात, तेथे काही श्लोक सलग असून ओव्या त्यांच्यानंतर एकत्र येतात. साध्या आज्ञेने आधीचे श्लोक रिकामे राहतात व सारे भाष्य शेवटच्याच्या वाट्यास जाते. उपाय असा : ज्याच्या लगेच मागे श्लोक नाही, अशाच श्लोकापासून गट सुरू करावा.

तात्पर्य, यंत्र खुणेवरून गट पाडते; भाष्य कोठे सुरू होते, हे ग्रंथ वाचणाराच जाणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तोही बारकाईने वाचूनच. मराठीच्या विद्यार्थ्यास या नव्या कामात स्थान आहे, ते यामुळेच.