आधी सा ठरव, मग तारा घे

पोरी, व्हायोलिनचा क्लास सुरू करतेयस, छान. रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले आईबाप पोराचा हात धरून तुझ्या दारात उभे राहतील आणि पहिल्याच दिवशी विचारतील, ‘मॅडम, तारा कुठल्या घालू?’ दुकानात त्यांना महागातल्या दाखवलेल्या असतील. तू त्यांना सांग, आधी गज घोडीला समांतर चालू दे. तोवर साधी पोलादी तार. डी’अ‍ॅडारिओची प्रिल्यूड मिळाली तर बघायलाच नको.

पोलादी तार एक-दोन दिवसांत स्थिरावते आणि स्वर धरून बसते. नवशिक्या पोराला स्वतःला तार लावता येत नाही, घरी कुणाला येत नाही. आठवडाभर उतरलेल्या तारेवर सराव झाला की तोच बेसूर कानात मुरतो, आणि तो काढायला तुला सहा महिने लागतील. महाग तारेने फक्त वाकडा गज अधिक मोठ्याने ऐकू येतो! मात्र पोलादी तार खुंटीच्या जराशा फिरकीनेही भलतीच चढते, म्हणून चारही तारांना फाइन ट्यूनर असू दे. पाऊण व्हायोलिनला पाऊण मापाचीच तार. मोठ्या मापाची घातली तर ढिली पडते, आवाज बसतो.

पोरगं आपली आपण तार लावू लागलं, मींडेत मधला स्वर कुठे निसटला हे त्याचं त्यालाच कळू लागलं, की पर्लॉन या कृत्रिम धाग्याच्या गाभ्याची तार द्यायची. व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्डने १९७०मध्ये डॉमिनंट काढली, तेव्हापासून ही जात रुळली. आवाज गोल, बोटाखाली मऊ. पण बसायला तीन-चार दिवस घेते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम असेल तर आदल्या रात्री नवा संच चढवायचा नाही म्हणजे नाही. मधली वाट म्हणजे हेलिकोर. हिच्या गाभ्यात एकच जाड तार नसून बारीक पोलादी तारांचा पीळ असतो, त्यामुळे ती साध्या पोलादीपेक्षा नरम आणि पर्लॉनपेक्षा स्थिर. आपल्याकडच्या हवेला मला तीच पटते. पिरास्ट्रोची यूडोक्सा, म्हणजे आतड्याची तार, ऐकायला देखणी. पण रायपूरच्या पावसाळ्यात ती लावत बसशील की वाजवशील?

आता खरी गोष्ट. ही सगळी पाकिटं जी-डी-ए-ई अशा पाश्चात्य लावणीसाठी बनतात. आपण सा पांढरी एकला धरून प-सा-प-सा लावली तर खालची जी जागेवर राहते, मधल्या दोन्ही एकेक पूर्ण स्वर उतरतात आणि वरची ई थेट सीवर येते. एक पूर्ण स्वर उतरला की तारेचा ताण पाचवा हिस्सा कमी होतो. वरच्या तारेचा तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातो. मग ती गजाखाली लोळते, जोर दिला की स्वर क्षणभर चढतो, आणि आपण पोराच्या बोटावर खेकसतो. अशा वेळी पाकिटावर ‘मीडियम’ लिहिलेली सोडून ‘हेवी’ बघ. उलट कुणाचा सा पांढरी दोनला असेल तर याच लावणीत जी ओढून एपर्यंत न्यावी लागते, ताण पाव हिश्शाने वाढतो. तिथे जाड तार घालून घोडीवर भार टाकू नकोस. म्हणून आधी सा ठरव, मग दुकानात जा.

थोडं शिकून पुढे गेलेल्यांना मोठ्या व्हायोलिनवादकांचं वादन ऐकायला लाव. दातारांच्या गायकी अंगाकडे कल असेल तर मींडेला मऊ तार सोयीची. जोगांची लयकारी, तंतकारी खुणावत असेल तर गज टेकताच बोलणारी पोलादी चालते, नव्हे, शोभते. उद्या कुणी खैरागडच्या संगीत विश्वविद्यालयात शिकायला निघालं तर तारांबद्दल तिथल्या गुरूंचं ऐकायचं, आपलं मत घरी ठेवायचं.

बीरगांवची काळी धूळ तुला माहीत आहेच, सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोट काळं करते. ती धूळ, रोझिनची पूड आणि मे महिन्यातला घाम मिळून तारेवर लुकण चढतं. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तार पूस, स्पिरिट लावू नकोस, थेंब पडला तर वॉर्निश जातं. एच्या तारेवर बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळी असते. पहिलं बोट पडतं तिथे नख फिरव, खरखर लागली तर ती घामाने उसवायला लागली आहे. आणखी एक परीक्षा: मधल्या दोन तारा सा-पंचमात नीट जुळव, मग एकच बोट दोन्हींवर आडवं टेकव. पंचम फाटला तर आधी बोट सरळ आहे का बघ, बोट सरळ असेल तर तार थकली.

बदलताना एकेकच तार काढायची. चारही एकदम सोडल्या की घोडी पडते, आतला साउंडपोस्टही निसटू शकतो, आणि तो उभा करणारा माणूस दर गल्लीत मिळत नाही. नटाच्या खाचेत शिसपेन्सिल फिरव, तार अडकत नाही. उन्हाळ्यात खुंट्या सैलावतात, पावसात फुगून घट्ट बसतात, तेव्हा दोन्ही वेळा जोर लावू नकोस. व्हायोलिन कूलरसमोर ठेवू नकोस, स्कूटरवर उन्हात तर अजिबात नको. संच घेताना ई जादा घे, बहुतेक वेळा तीच आधी तुटते.